परतीचा माल आधी, गाडी नंतर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: घर इंदूरच्या लोकमान्य नगरात. पिथमपूरला ऑटो पार्टच्या कारखान्यात आठ वर्षं डिस्पॅच सांभाळलंस, आता स्वतःचा धंदा करायचाय आणि हाताशी बारा लाख आहेत. शोरूमचा माणूस 14 चाकी घ्याच म्हणून मागे लागलाय, एक दलाल मुंबईचा रोजचा माल देतो म्हणतोय, आणि बाबा म्हणतात त्यापेक्षा दोन जुन्या आयशर घे. तर काका, कोणती गाडी घेऊ?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. पहिली गाडी म्हणून 14 चाकी नको. दोन जुन्या गाड्याही एकदम नकोत. तुझी ओळख आणि तुझे पैसे बघता एकच सहा चाकी घे, 18.5 टनी (गाडी आणि माल मिळून), 32 फुटी बंद बॉडीची, पिथमपूर ते चाकण या मार्गासाठी. आणि तीही आज नाही, तीन महिन्यांनी.

मी 1994 साली लोहामंडीत एका ट्रान्सपोर्टच्या पेढीवर मुनीम म्हणून लागलो. बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायच्या, ड्रायव्हरला अ‍ॅडव्हान्स मोजून द्यायचा, पोच पावती आली की बाकी भाडं चुकतं करायचं. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचा हिशोब लिहिला आणि 2003 मध्ये स्वतःची पहिली गाडी घेतली. तेव्हा मला वाटत होतं की आपल्याला सगळं कळतं. गाडी घेतली दहा चाकी, उघड्या डाल्याची (डाला म्हणजे माल भरायचा हौदा), कारण पेढीवरून सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, पोत्यांत भरून न्हावाशेव्याला जाताना मी रोज बघत होतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी गाडीला उसंत नव्हती. पण न्हावाशेव्याला माल उतरला की गाडी कळंबोलीला जाऊन उभी राहायची. तीन दिवस, चार दिवस, एकदा तर आठवडा. पेढीवर असताना मला फक्त गाडी भरून निघताना दिसायची. ती तिकडे किती दिवस उभी असते हे दिसत नव्हतं, कारण तो हिशोब मालकाच्या घरी व्हायचा. कळंबोलीहून मिळायचं ते लोखंड, म्हणजे भारी माल, आणि तोही चढणीला. पुढे पावसाळा आला. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर मिळून गाडी पन्नासच्या वर दिवस इंदूरच्या देवास नाक्यावर मालाची वाट बघत उभी होती आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जात होता. बायकोच्या पाटल्या त्या वर्षी सराफ्यात गेल्या. हे सांगतोय कारण शोरूममध्ये तुला जाणाऱ्या मालाचा हिशोब दाखवतील. परतीचा आणि पावसाळ्याचा तुलाच मांडावा लागेल.

इंदूरहून जायला माल मिळतो. चोइथराम मंडीचा बटाटा, कांदा, लसूण, छावणी आणि लक्ष्मीबाई नगरच्या मंडीतलं धान्य, नमकीन, औषधं, पिथमपूरचे पार्ट, खरगोन-सेंधव्याकडच्या रुईच्या गाठी. माळव्याच्या या मालाला वर्षाची एक चाल आहे. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास मंडीत येतो, गहू मार्च-एप्रिलमध्ये, आणि आषाढ लागला की देवास नाक्यावर गाड्यांची रांग वाढते. शेतमालावर भिस्त ठेवून घेतलेली गाडी वर्षातले नऊ महिनेच कमावते असं धर. कारखान्याचा माल त्या मानानं बारा महिने चालतो. तुझ्या हातात कारखाना आहे, मंडी नाही. मग मंडीची गाडी कशाला घ्यायची?

आता परतीचं बघ. मुंबईहून इंदूरला बंद गाडीलाही माल मिळतो, पण तिथे हजारो गाड्या त्याच मालासाठी उभ्या असतात आणि भाडं दलाल ठरवतो. चाकणचं वेगळं आहे. चाकणही गाड्यांचं आणि पार्टचं गाव, पिथमपूरही तसंच. इकडून तिकडे पार्ट जातात, तिकडून इकडेही येतात. आठ वर्षं तू गेटवर उभा होतास. चाकणहून येणाऱ्या गाड्यांच्या बिल्ट्या तुझ्याच टेबलावर आल्या असतील. त्या कुठल्या ट्रान्सपोर्टच्या होत्या, आठवड्यात किती होत्या, गाडी भरून यायची की अर्धी, हे तुला पाठ असेल. ही माहिती तुझ्या बारा लाखांपेक्षा मोठी पुंजी आहे. दलालाकडे ती नाही.

रस्ता डोळ्यांसमोर आण. पिथमपूरहून आपण आग्रा-मुंबई रस्त्याला लागतो, मानपूर, मग गणेश घाट उतरून खलघाटला नर्मदा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि नर्मदेचं खोरं त्याच्या बरंच खाली. म्हणजे भरली गाडी आधी उतरते. पुढे सेंधव्यानंतर बिजासन घाट, मग शिरपूर, धुळे, चांदवडच्या बाजूला राहूड घाट, नाशिक, सिन्नर, संगमनेर आणि चाकण. साडेपाचशे-पावणेसहाशे किलोमीटर. परत येताना हेच उलट. महाराष्ट्राच्या बाजूनं बिजासन चढायचा आणि शेवटी, ड्रायव्हर दमलेला असताना, गणेश घाट चढायचा. तुझ्या गाडीच्या इंजिनची खरी परीक्षा जातानापेक्षा येताना होईल. मुंबई मार्गावर त्यात कसारा घाटही मिळव.

म्हणून इंजिन बघताना नुसते घोडे विचारू नकोस, टनामागे किती घोडे ते विचार. 14 चाकी 42 टनी गाडीला 250 घोड्यांचं इंजिन असलं तर टनामागे सहाच्याही आत येतात. 18.5 टनी सहा चाकीला 150 घोडे असले तरी टनामागे आठ. कागदावर 250 मोठा आकडा आहे, बिजासनच्या चढावर 150 वाली गाडी त्याच्या पुढे निघून जाते. दुसरी गोष्ट मागच्या ऍक्सलचा, म्हणजे चाकांच्या आसाचा, रेशो: चाक एकदा फिरायला इंजिनकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो तो आकडा. आकडा लहान असला तर गाडी सपाटीवर कमी आरपीएममध्ये पळते आणि डिझेल वाचतं. आकडा मोठा असला तर घाटात ओढते. शोरूममध्ये जी उभी असेल ती देतात. तू मागितलंस तर बऱ्याच मॉडेलना दुसरा रेशो मिळतो, फक्त गाडी यायला महिना जास्त लागतो. थांब तो महिना.

गणेश घाटाच्या उतारावर ब्रेक निकामी होऊन इतके अपघात झाले की सरकारला तिथे नवा रस्ता काढावा लागला. जुन्या रस्त्यावर मी स्वतः एका रात्री माझ्या ड्रायव्हरबरोबर बसलो होतो. भरली गाडी, आणि पोरगा न्यूट्रलवर उतरवत होता, डिझेल वाचावं म्हणून. तिसऱ्या वळणावर करपल्याचा वास आला. खाली उतरून बघितलं तर मागच्या डाव्या ड्रममधून धूर, आणि लायनर इतका तापलेला की दोन हात लांबूनही धग लागत होती. तासभर तिथेच थांबलो. तेव्हापासून माझ्याकडे दोन नियम आहेत. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग धरणारा ब्रेक) चालू नसलेली गाडी घाटात जाणार नाही, आणि ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. नवी गाडी घेताना एक्झॉस्ट ब्रेकचा स्विच स्वतः दाबून, गाडी चालवून बघ.

14 चाकीला नाही म्हणतोय म्हणून ती गाडी वाईट असं समजू नकोस. सिमेंट, लोखंड, डीओसी, खत यांना तीच गाडी लागते, आणि टोलचा एक फायदा तिच्या बाजूनं आहे, जो नव्या माणसाला ठाऊक नसतो. राष्ट्रीय महामार्गावर दोन ऍक्सलचा टोल वेगळा, तीन ऍक्सलचा वेगळा, पण चार ते सहा ऍक्सल एकाच दरात. म्हणजे 12 चाकी जो टोल भरते तोच 14 आणि 16 चाकी भरते. भारी माल बारा महिने असला तर टनामागचा टोल मोठ्या गाडीला स्वस्त पडतो. पण 14 टायर आहेत, सहा नाहीत. आणि ती गाडी पुरी भरली तरच कमावते. पार्टचा माल तिच्यात भरलास तर डाला वरपर्यंत भरेल आणि वजन निम्मंही होणार नाही.

हलका माल आणि भारी माल हा फरक सगळ्यात आधी समजून घे. नमकीनचं उदाहरण घे. शेवेचे खोके गाडीत छपरापर्यंत रचले तरी काट्यावर गाडी हलकीच दिसते, कारण पाकिटात निम्मी हवा. तिथे फूट विकायचे असतात, टन नाही. सिमेंटला उलटं: डाल्याच्या तळाला चार-पाच थर लागले की पासिंग, म्हणजे कायद्यानं मान्य वजन, संपलं. ऑटो पार्ट मधे आहेत. प्लास्टिकचे बंपर म्हणजे नमकीनच, कास्टिंग म्हणजे लोखंडच. तुझ्या कारखान्याचा माल यातला कोणता, हे वजन आणि माप दोन्ही घेऊन लिही.

पासिंगचं सांगतो, कारण जुन्या गाडीत इथे फसगत होते. जुलै 2018 मध्ये ऍक्सलची मान्य वजनं वाढली. पुढच्या ऍक्सलला 6 ऐवजी 7 टन, चार टायरच्या मागच्या ऍक्सलला 10.2 ऐवजी 11.5 टन, मागच्या जोड ऍक्सलला 19 ऐवजी 21 टन. म्हणूनच सहा चाकी 16.2 वरून 18.5 टनांवर आली. त्याआधीच्या गाडीच्या आरसीवर काय लिहिलंय तेच खरं, विकणारा तोंडानं काय सांगतो ते नाही. या 18.5 टनांतून गाडीचं स्वतःचं वजन वजा कर. 32 फुटी लोखंडी बॉडी चढवली की ते आठ-नऊ टनांवर जातं. उरलेलं ते तुझं. जास्त भरलंस तर केंद्रीय कायद्यानं 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि जादा माल तिथेच उतरवावा लागतो. 1 जुलै 2024 पासून मध्य प्रदेशानं सीमेवरचे परिवहन नाके बंद केले म्हणून काही जण बेफिकीर झालेत. ओव्हरलोडनं पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, तुटतात आणि उतारावर गाडी थांबत नाही, त्याचा नाक्याशी काही संबंध नाही.

बाबांचा मुद्दा आता. जुनी गाडी घ्यायला माझा विरोध नाही. माझ्या सात गाड्यांतल्या तीन जुन्या घेतलेल्या आहेत. पण नव्या माणसानं दोन जुन्या एकदम घेतल्या की एक गॅरेजमध्ये असते आणि दुसरी तिचा खर्च भरत असते. तुझ्या मार्गासाठी आणखी एक अडचण आहे. बरेच कारखाने गेटवर गाडीचं वय बघतात. शिवाय नॅशनल परमिटची, म्हणजे दुसऱ्या राज्यांत माल न्यायच्या परवान्याची, वयोमर्यादा आहे: दोन ऍक्सलच्या गाडीला 12 वर्षं, त्याहून जास्त ऍक्सलच्या गाडीला 15. आठ वर्षं जुनी सहा चाकी घेतलीस तर महाराष्ट्रात न्यायला चारच वर्षं हातात उरतात, आणि आठ वर्षांनंतर फिटनेसही दोन वर्षांऐवजी दर वर्षी. दिल्लीकडे जायचा विचार असेल तर बाहेर नोंदलेल्या बीएस 3 (बीएस म्हणजे इंजिनच्या धुराचं सरकारी मानक) आणि त्याआधीच्या मालगाड्यांना 1 नोव्हेंबर 2025 पासून दिल्लीत बंदी आहे. म्हणून जुनी बघायचीच झाली तर बीएस 6, म्हणजे एप्रिल 2020 नंतरची बघ.

ती कशी बघायची? सकाळी सहाला जा, आणि आधी फोन करू नकोस. पहिलं काम इंजिनवर तळहात ठेवायचा. कोमट लागलं तर तुझ्या येण्याआधी कोणीतरी सुरू करून ठेवलंय, म्हणजे थंडीत उचलायला त्रास देते. थंड गाडी तुझ्यासमोर सुरू करायला लाव आणि तेलाची कांडी थोडी वर काढून तिथे हात धर. तिथून जोरात वाफ मारत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. मग खाली वाक. टॉर्च घेऊन चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्या पुढून मागे बघत जा, विशेषतः मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी. सगळी चेसिस धुळीची आणि एकाच वीतभर जागेत ताजा काळा रंग दिसला की तिथे नखानं खरवड. खाली वेल्डिंग सापडेल. भार वाहून तडा गेलेली चेसिस आहे ती, पाच मिनिटांत नमस्कार करून निघ. टायरची झीज हातानं बघ, डोळ्यांनी नाही. आतल्या कडेला एकीकडून झिजलेला टायर सांगतो की ऍक्सल वाकलाय किंवा किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ते खुंटे, ढिले आहेत. दोन मागच्या टायरांच्या मधे हात घाल. बाहेरचा नवा आणि आतला रबर चढवलेला असं जोडपं पुष्कळदा मिळतं. शेवटी चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घास आणि तो ठसा आरसीशी ताडून बघ.

मी 2011 मध्ये हे सगळं केलं आणि तरीही फसलो, कारण कागद बघायचा राहिला. गाडी चांगली निघाली, पण फायनान्सवाल्याचं कर्ज पुरतं फिटलं नव्हतं आणि विकणाऱ्यानं दाखवलेली एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, खोटी होती. सात महिने गाडी नावावर झाली नाही. म्हणून फॉर्म 35 (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा कागद) आणि एनओसी फायनान्सच्या शाखेत स्वतः जाऊन पडताळ, आणि गाडीच्या नंबरावर थकलेली चलानं, टॅक्स, फिटनेस, विमा हे सगळं पैसे देण्याआधी ऑनलाइन बघ.

नवी घेतलीस तर हे टळतं, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून मालगाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्यानं नवी आणि जुनी यांच्यातलं अंतरही घटलंय. जुन्या गाडीचा भाव अजून जुन्या हिशोबानं सांगत असतील तर तोंडावर सांग.

हप्त्याचं गणित कर. 25 लाखांचं कर्ज, 10 टक्के, पाच वर्षं: हप्ता सुमारे 53,100. तेच चार वर्षांत फेडायचं म्हटलं तर 63,400. ओळखीचे लोक सांगतील चार वर्षांत मोकळा हो. पहिल्या गाडीला पाचच कर आणि पैसे आलेच तर आधी फेड, पण त्यासाठी दंड किती ते सही करण्याआधी विचार. आता डिझेल. महिन्याला सात फेऱ्या म्हणजे आठ हजार किलोमीटर धर. पाचचा एव्हरेज मिळाला तर 1,600 लिटर, 90 रुपये भावानं 1,44,000. हप्त्याच्या जवळजवळ पावणेतीनपट. साडेपाचचा एव्हरेज मिळाला तर 13,000 रुपये वाचतात, म्हणजे हप्त्याचा चौथा हिस्सा. शोरूममध्ये लोक हप्त्यावर हजार रुपयांची घासाघीस करतात आणि एव्हरेज कंपनीच्या कागदावरून मान्य करतात. तू तसं करू नकोस. याच मार्गावर तेच मॉडेल चालवणारे तीन ड्रायव्हर शोध, ढाब्यावर चहा पाज आणि भरल्या गाडीला किती देते ते विचार. टाकी मोठी घे. आपल्याकडे डिझेल महाराष्ट्र आणि गुजरातपेक्षा महाग पडत आलंय, शिरपूरला भरलेलं डिझेल परत शिरपूरपर्यंत पुरायला हवं.

बारा लाखांतले सहा-सात लाखांवर गाडीत घालू नकोस, विमा आणि परमिट धरून. नॅशनल परमिटचे वर्षाला 16,500 वेगळे धर. उरलेले पाच लाख बँकेत राहू देत. कारखान्याचं बिल दोन-दोन महिने निघत नाही, हे तू टेबलाच्या त्या बाजूनं बघितलंयस. या बाजूला डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता मात्र रोख जातो. तीन हप्ते आणि दोन महिन्यांचं डिझेल हाताशी नसताना गाडी सुरू करणारे मी वर्षाच्या आत गाडी विकताना बघितलेत, आणि त्यात मेहनती पोरं होती.

बीएस 6 गाडीची एक सवय लावून घ्यावी लागते. डिझेलबरोबर डीईएफ लागतं, ड्रायव्हर त्याला युरियाच म्हणतात. 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. रस्त्यावर कोणी खतातला युरिया नळाच्या पाण्यात कालवून स्वस्तात विकतो, तो घातला की नोझल आणि सेन्सर जातात आणि गाडी आपोआप ताकद कमी करते. भरल्या गाडीनं हे बिजासनच्या चढावर झालं तर काय होईल ते तूच बघ. सीलबंद बादली गाडीत ठेव. काजळीच्या फिल्टरची सफाई मागणारा दिवा लागला की अर्धा-पाऊण तास गाडी उभी करून ती होऊ द्यावी लागते. घाईत ड्रायव्हर बटण दाबून ती टाळत राहतो आणि शेवटी टोइंगचं बिल येतं. ड्रायव्हरला हे ओरडून सांगू नकोस, समजावून सांग. त्याला वेळेवर पोचण्यासाठी तूच दामटत असलास तर तो थांबणार तरी कसा?

सीएनजीचा विचार इंदूर, देवास, पिथमपूर एवढ्याच घेऱ्यात फिरणाऱ्या 14 ते 19 फुटी गाडीसाठी कर. गॅस स्वस्त पडतो, पण सिलिंडरांचं वजन तुझ्या पासिंगमधून जातं आणि पंपावरच्या रांगेत दिवसाचे तास जातात. लांबच्या मार्गाला आज तरी डिझेल. सियागंजसारख्या बाजारात माल पोचवायचा झाला तर तिथे छोटीच गाडी लागते, कारण दिवसा शहरात जड गाड्यांना बंदी आहे. तो धंदा वेगळा, त्यात आत्ता शिरू नकोस.

कंपनी कोणती, हे तू मोठ्या अक्षरात विचारलंस. टाटा, लेलँड, आयशर, भारतबेंझ, महिंद्रा, सगळ्यांच्या गाड्या या रस्त्यावर धावताना दिसतील. आयशर तर 1986 पासून आपल्या पिथमपूरलाच बनते, त्यामुळे इथे पार्ट आणि मिस्त्री दारात. पण तुझी गाडी बंद पडेल ती धुळ्याच्या अलीकडे, रात्री दोनला. सेंधवा, धुळे, मालेगाव, नाशिक, चाकण या पाच ठिकाणी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, रात्री फोन उचलतात का, हे स्वतः फोन करून बघ. रात्रीच कर. ज्यांनी उचलला त्यांची गाडी घे.

आणि ड्रायव्हरला विचारून घे. गाडी तू घेशील, पण महिन्यातले पंचवीस दिवस तिच्यात तो राहणार. 2025 पासून नव्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीचं झालंय, ते फार बरं झालं. मे महिन्यात शिरपूरच्या बाजूला केबिनचा पत्रा हात लावू देत नाही आणि मालक लोक त्यावर वर्षानुवर्षं बोलले नाहीत. मीही बोललो नाही, याचं मला वाईट वाटतं. झोपायची बर्थ पाय पसरता येतील एवढी आहे का, तिथे आडवा होऊन बघ. चांगला ड्रायव्हर आज गाडीपेक्षा दुर्मिळ आहे आणि तो गाडी बघूनच मालक निवडतो.

तीन महिने थांब म्हटलं ते यासाठी: आधी दुसऱ्यांच्या गाड्यांवर माल चालव. पिथमपूर-चाकण मार्गावर बाजारातून गाडी भाड्यानं घे, माल भर, परतीचा माल स्वतः शोध. तीन महिन्यांत वीसेक फेऱ्या होतील. प्रत्येक फेरीला एका वहीत लिही: निघाली कधी, पोचली कधी, तिथे किती तास उभी राहिली, परत काय मिळालं, पैसे कधी आले. चाकणला सरासरी एका दिवसाच्या आत परतीचा माल मिळत असेल तर गाडी बुक कर. दोन दिवसांच्या वर लागत असेल तर वही घेऊन माझ्याकडे ये, मार्ग बदलू.

बॉडीचं शेवटी सांगतो, कारण ते काम तुला उद्याच करता येईल. कारखान्यात जा आणि टेपनं पॅलेट मोज. ते बहुधा 1,200 बाय 1,000 मिलिमीटरचं असेल. 32 फूट म्हणजे 9.75 मीटर. बॉडी आतून पूर्ण आठ फूट रुंद, म्हणजे 2.44 मीटर असली तर 1,200 ची दोन पॅलेट शेजारी बसतात आणि लांबीत नऊ ओळी येतात, एकूण 18. तीच बॉडी आतून साडेसात फुटांची निघाली तर ती दोन शेजारी बसतच नाहीत. दोन्ही फिरवून लावली तर ओळी आठ आणि पॅलेट 16, एकाच बाजूची फिरवली तर फार तर 17. अर्ध्या फुटासाठी प्रत्येक फेरीत एक-दोन पॅलेटचं भाडं जातं. माझ्या एका गाडीत हे झालं होतं, बॉडी बनवणाऱ्यानं आठ फूट बाहेरून मोजून दिले होते आणि मी बॉडी तयार झाल्यावर टेप लावला. तू ऑर्डरच्या कागदावर आतली रुंदी, आतली उंची आणि दाराचं उघडं माप मिलिमीटरमध्ये लिहून घे. दाराची चौकट आतल्या मापापेक्षा अरुंद असते, फोर्कलिफ्ट तिथेच अडतो. चाकणच्या ज्या गेटवर माल उतरायचाय तिथल्या धक्क्याची उंचीही मोजून आण. रविवारी सकाळी मी घरी असतो, मापं घेऊन ये.